धावपट्टीवरच्या मिनिटाची मालकी : हवाई वाहतुकीचे अर्थशास्त्र आणि मुंबईची उपनगरे

हवाई वाहतुकीत सर्वांत दुर्मीळ वस्तू कोणती, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत आले आहे. कधी ती विमाने होती, कधी प्रशिक्षित वैमानिक, कधी परकीय चलन, तर कधी खुद्द प्रवासी. मुंबईपुरते मात्र हे उत्तर गेली दोन दशके बदललेले नाही. सांताक्रूझ, विलेपार्ले, अंधेरी आणि कुर्ला यांच्या मध्ये पसरलेल्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळावर टंचाई आहे ती धावपट्टीवरच्या वेळेची. या वेळेची किंमत कोण ठरवतो, ती कोणाच्या पदरात पडते आणि तिचा भार कोणाच्या डोक्यावर येतो, हा मुंबईतील पदव्युत्तर अर्थशास्त्राच्या संशोधनाचा मध्यवर्ती प्रश्न व्हायला हवा, असे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. ज्या शहरात हा प्रश्न रोज डोक्यावरून घरघरत जातो, त्याच शहरातील विद्यापीठांनी तो हाती घेऊ नये, हे अभ्यासाच्या आणि नागरिकत्वाच्या अशा दोन्ही दृष्टींनी योग्य नाही.

या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत, परंतु त्या समांतर नसून एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकीवर विमान धावत असताना दुसरीचा उपयोग करता येत नाही; म्हणजे कागदावर दोन असल्या तरी कामाला एकच आहे. मुख्य धावपट्टी पूर्व–पश्चिम असून तिच्यावर उतरणारी विमाने सामान्यतः घाटकोपर आणि कुर्ल्यावरून खाली येतात, तर उड्डाण घेणारी विमाने जुहूच्या बाजूने समुद्राकडे जातात. दाटीच्या वेळी या पट्टीवर तासाला ४६ विमानांची ये-जा ठरवली जात असे, म्हणजे दर ७८ सेकंदांना एक. एवढ्या अवकाशात उतरलेल्या विमानाने वेग कमी करून तिरक्या वाटेने पट्टी मोकळी करायची, तोंडाशी थांबलेल्या विमानाने तिच्यावर येऊन वेग घ्यायचा आणि मागून येणारे तिसरे विमान तोवर ठरलेल्या अंतरावर यायचे, असा हा क्रम असतो. पहिल्याने बाहेर पडायला काही सेकंद जास्त घेतले की तिसऱ्याला न उतरता पुन्हा वर जावे लागते आणि त्याच्यामागच्या सर्वांचे वेळापत्रक सरकते. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ही संख्या दाटीच्या वेळी ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळी ४४ वरून ४२ वर आणण्याचा निर्देश दिला, तेव्हा त्यामागचे कारण आकड्यांत सांगितले होते : शहरावर ४० मिनिटे घिरट्या घालणारे विमान सुमारे १.७ किलोलिटर इंधन जाळते, ज्याची किंमत तेव्हा सुमारे १.८ लाख रुपये होती. ११ नोव्हेंबर २०२३ या एकाच दिवशी या विमानतळावर १,०३२ विमानांची ये-जा झाली होती. चोवीस तासांवर वाटणी केली तर ही सरासरी तासाला ४३ येते. म्हणजे त्या दिवशी मध्यरात्र आणि पहाटदेखील जवळपास दाटीच्या वेळेइतकीच भरलेली होती.

दुर्मीळता नेहमीच या स्वरूपाची नव्हती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा धावपट्टीला मागणी नव्हती, उलट पावसाळ्यात जुहूचे मैदान चिखलात जात असल्याने सेवेचा तळच पुण्याला हलवावा लागे. त्या सेवेने पहिल्या पूर्ण वर्षात १५५ प्रवासी आणि सुमारे १० टन टपाल वाहिले. ही संख्या पाहिली की हवाई वाहतुकीचा धंदा प्रवाशांवर नव्हे, तर टपालाच्या सरकारी करारावर उभा राहिला, हे ध्यानात येते. स्वातंत्र्यानंतर या टपालाने घडवलेला एक प्रयोग महाराष्ट्राच्या आजच्या भूमीवरच झाला आणि तो वाहतुकीच्या अर्थशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यक्रमात असायला हवा. १९४९ मध्ये सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपाल सेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, तेथे थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या शहरी परतत. चार शहरे परस्परांशी थेट जोडायची तर सहा मार्ग लागतात. मध्ये एक केंद्र धरले की चारच पुरतात आणि प्रत्येक मार्गावरचा भार वाढून दर थैलीमागचा खर्च उतरतो. एका ठिकाणी भार गोळा केल्याने होणाऱ्या या बचतीला अर्थशास्त्रात घनतेची बचत म्हणतात. अमेरिकेत रातोरात पार्सल पोहोचवणाऱ्या कंपन्यांनी मेम्फिससारख्या केंद्रांवर हीच रचना १९७० च्या दशकात उभारली आणि व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नाव त्यांचेच झाले.

नागपूरची ही टपाल सेवा सुरू झाली त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली १९५० मध्ये हवाई वाहतूक चौकशी समिती बसली. युद्ध संपताच स्वस्तात मिळालेल्या डकोटा विमानांच्या भरवशावर अनेक कंपन्यांना परवाने दिले गेले होते आणि वाहतूक त्या मानाने अगदी थोडी होती. समितीने कंपन्यांचे खर्च बारकाईने तपासून या जादा परवान्यांवर बोट ठेवले आणि तत्काळ राष्ट्रीयीकरणाऐवजी विलीनीकरणाचा रस्ता सुचवला. सरकारने १९५३ मध्ये वेगळा निर्णय घेऊन राष्ट्रीयीकरणाचा कायदा केला आणि देशांतर्गत सेवा देणाऱ्या आठ कंपन्या इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाल्या. १९९४ मध्ये तो कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना दार उघडले. निर्णय पटो वा न पटो, राजाध्यक्ष समितीची पद्धत आजही अनुकरणीय आहे : आधी खर्च मोजायचा, मग धोरणाविषयी बोलायचे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. विमानतळावर उतरण्याचे शुल्क जगभर परंपरेने विमानाच्या वजनावर आकारले जाते. धावपट्टी रिकामी असते तोवर या पद्धतीत फारसे गैर नाही, कारण जड विमान डांबर अधिक झिजवते आणि त्याची देण्याची ऐपतही अधिक असते. पण पट्टी भरली की झीज हा खर्चाचा किरकोळ भाग उरतो आणि खरा खर्च मागे खोळंबलेल्यांच्या वेळेचा होतो. हा विचार मायकेल लेव्हीन यांनी १९६९ मध्ये मांडला, आणि १९७० मध्ये कार्लिन व पार्क या अभ्यासकांनी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर तो आकड्यांनी तपासून दाखवला. एका जादा विमानामुळे इतर सर्वांना जो विलंब होतो त्याच्या किमतीला सीमांत विलंब-खर्च म्हणतात, आणि दाटीच्या वेळी हा खर्च प्रत्यक्ष शुल्काच्या कित्येक पट निघाला. त्याआधीच, १९६८ मध्ये, तेथील बंदर प्राधिकरणाने लहान विमानांचे दाटीच्या वेळचे किमान शुल्क ५ डॉलरवरून २५ डॉलरवर नेले होते. रक्कम क्षुल्लक होती, तरी दाटीच्या तासांतून लहान विमाने लक्षणीय संख्येने बाजूला झाली.

भारतात याउलट धोरण दीर्घकाळ चालले. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क माफ करण्यात आले, आणि लहान शहरांना जोडणारी सेवा टिकावी हा त्यामागचा हेतू रास्तच होता. परंतु ७० आसनांचे एटीआर विमान मुंबईच्या पट्टीवर १८० आसनांच्या एअरबसइतकाच, आणि वेग कमी असल्याने कधीकधी तिच्याहून जास्त वेळ घेते. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सिंधुदुर्गातील चिपी विमानतळ सुरू होऊन मुंबईचे विमान निघाले, तेव्हा कोकणात जो आनंद झाला तो खरा होता. त्या सेवेत पुढे सातत्य टिकले नाही याची कारणे शोधताना मात्र प्रवासीसंख्या आणि अनुदान यांच्याबरोबर मुंबईत मिळणाऱ्या वेळेचा विचार करावाच लागतो. नाशिक, जळगाव, कोल्हापूर यांच्या बाबतीतही ‘उडान’ योजनेखाली विमान मिळाले तरी मुंबईत सोयीची वेळ मिळणे हीच अडचण पुनःपुन्हा पुढे आली. सावंतवाडीच्या किंवा जळगावच्या प्रवाशाला मुंबईचे मिनिट नाकारावे, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. ‘उडान’ योजनेत मुख्य मार्गांवरच्या विमानांकडून उपकर घेऊन लहान मार्गांची तूट भरून दिली जाते. तसेच त्या प्रवाशाला दिलेल्या मिनिटाची किंमतही उघडपणे मोजून अनुदानाच्या खात्यात दाखवावी, म्हणजे समाजाने काय दिले आणि त्या बदल्यात काय मिळाले ते कळेल, एवढाच आग्रह आहे.

धावपट्टीवरची ठरावीक वेळ वापरण्याच्या परवानगीला स्लॉट म्हणतात. तो वाटण्याची रीत जगभर साधारण एकच आहे : मागच्या हंगामात ज्याच्याकडे स्लॉट होता आणि ज्याने तो किमान ८० टक्के वेळा वापरला, त्याच्याकडे तो पुढेही राहतो. या वहिवाटी हक्कासाठी कंपनीला काहीही मोजावे लागत नाही, पण त्या हक्काला किंमत नाही असे मात्र नाही. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर स्लॉटची देवघेव चालते, आणि २०१६ मध्ये तेथील एका जोडीसाठी, म्हणजे एक उतरणे आणि एक उड्डाण यांसाठी, ओमान एअरने साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. जमिनीच्या दुर्मीळतेमुळे तिच्या धारकाला श्रमाशिवाय जे उत्पन्न मिळते त्याला अर्थशास्त्र खंड म्हणते. स्लॉटधारकाला मिळणारे उत्पन्न नेमके त्याच जातीचे आहे. मुंबईत स्लॉटचा उघड बाजार नसल्याने हा खंड कोणत्याही ताळेबंदात वेगळा दिसत नाही, तो तिकिटाच्या दरात मुरलेला असतो.

तो उकलून पाहण्याची एक संधी मुंबईला दुर्दैवी मार्गाने मिळाली. १९९३ च्या मे महिन्यात उड्डाणे सुरू केलेली आणि अंधेरीत मुख्य कचेरी असलेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. हजारो कर्मचाऱ्यांचे संसार उघड्यावर आले. त्यांतील कित्येकजण अंधेरी, मरोळ, विलेपार्ले याच भागांत राहणारे होते. त्या वेळी मुंबईतले सुमारे २८० आणि दिल्लीतले सुमारे १६० स्लॉट मोकळे झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले आणि ते इतर कंपन्यांना तात्पुरते वाटण्यात आले. संशोधकासाठी ही निसर्गतः घडलेला प्रयोग म्हणता येईल अशी घटना होती. ज्या मार्गांवर जेटचा वाटा मोठा होता आणि ज्यांवर नगण्य होता, अशा दोन गटांतील भाड्यांची एप्रिल २०१९ पूर्वीची आणि नंतरची तुलना केली, तर बंद पडण्याचा परिणाम इतर कारणांपासून वेगळा काढता येतो. संख्याशास्त्रात या रीतीला फरकांतील फरक काढणे म्हणतात. काम वाटते तितके सरळ नाही, कारण त्याच वर्षी मार्चमध्ये बोइंग ७३७ मॅक्स विमाने जमिनीवर उतरवली गेली होती, त्यामुळे तुलनेसाठी घेतलेला गटही निर्मळ राहत नाही. पण अशा अडचणी हाताळायला शिकणे हेच पदव्युत्तर प्रशिक्षण असते. यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न पुढचा आहे : मोकळे झालेले स्लॉट कोणाकडे गेले, आणि त्यामुळे मुंबईच्या आकाशातली मक्तेदारी वाढली की घटली? देशांतर्गत बाजारातील सुमारे दोन तृतीयांश वाटा आज एकाच कंपनीकडे आहे. सेव्हेरिन बोरेनस्टाइन यांनी १९८९ मध्ये अमेरिकेच्या बाबतीत दाखवले होते की ज्या विमानतळावर एखाद्या कंपनीचे प्राबल्य असते, तेथून निघणाऱ्या मार्गांवर ती अधिक भाडे आकारू शकते. जान ब्रूकनर यांनी २००२ मध्ये याच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले : प्राबल्य असलेल्या कंपनीचे जादा विमान तिच्याच इतर विमानांना खोळंबवते, म्हणून विलंबाचा तेवढा भाग ती स्वतःच हिशेबात धरते आणि गर्दीशुल्क उरलेल्या भागापुरतेच लावणे न्याय्य ठरते. या दोन निष्कर्षांतला ताण मुंबईइतका तीव्र क्वचितच कोठे आढळेल, आणि त्यावरचा एक चांगला प्रबंध धोरणकर्त्यांच्या दहा बैठकांहून अधिक उपयोगी पडेल.

मिनिटाच्या किमतीचा दुसरा वाटेकरी विमानतळाचा चालक आहे. २००६ मध्ये हा विमानतळ जीव्हीके समूहाच्या नेतृत्वाखालील कंपनीकडे गेला, तेव्हा एकूण उत्पन्नाचा ३८.७ टक्के वाटा विमानतळ प्राधिकरणाला देण्याची बोली तिने लावली होती. २०२१ च्या जुलैमध्ये कंपनीची सूत्रे अदानी समूहाकडे आली. विमानतळाला उत्पन्न दोन प्रकारचे असते : उतरण्याचे, विमान उभे करण्याचे आणि प्रवाशांवरचे शुल्क हे एक, आणि दुकाने, वाहनतळ, जाहिराती, भाडेपट्टे यांचे दुसरे. दोन्ही एकाच गल्ल्यात टाकून मग शुल्क ठरवले, तर दुकानांच्या नफ्यामुळे तिकिटावरचा भार हलका होतो. गल्ले वेगळे ठेवले, तर दुकानांचा नफा चालकाकडे राहतो. मुंबई आणि दिल्लीच्या करारांत मधला मार्ग काढून दुसऱ्या प्रकारच्या उत्पन्नाचा ३० टक्के भाग शुल्क कमी करण्यासाठी वळवायचा, असे ठरले, आणि २०१६ च्या राष्ट्रीय धोरणाने हीच पद्धत पुढे इतरत्र नेली. प्राधिकरणाला द्यायचा ३८.७ टक्के वाटा मात्र खर्च म्हणून प्रवाशांच्या शुल्कात धरता येत नाही. मग एवढी मोठी बोली लावणाऱ्याने ती कशाच्या बळावर लावली असावी, या प्रश्नाचे उत्तर उरलेल्या ७० टक्क्यांत आणि सहार–अंधेरीच्या जमिनीत शोधावे लागते. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाचे आदेश आणि विचारविनिमयाचे मसुदे शेकडो पानांचे असतात आणि ते जाहीर असतात. त्यांत भांडवली पायावरचा परतावा कसा काढला, दर पाच वर्षांच्या कालखंडासाठी प्रवाशांचा अंदाज काय धरला आणि प्रत्यक्षात काय घडले, हे सारे नोंदलेले असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे मसुदे ओळीने वाचून काढले, तर कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा नियमनाचे अर्थशास्त्र त्याला अधिक कळेल.

या किमतीचा भार मात्र उपनगरांवर येतो, आणि विषयाचा हा भाग आजवर सर्वांत कमी मोजला गेला आहे. विमान सुरक्षित उतरावे म्हणून धावपट्टीच्या टोकापासून आकाशात तिरपे चढत जाणारे एक अदृश्य छत कल्पिलेले असते आणि त्याला भेदून वर जाणारे बांधकाम करता येत नाही. बोलीभाषेत या पट्ट्याला सर्रास फनेल झोन म्हणतात. हे छत पट्टीच्या टोकापलीकडे ६० मीटरपासून सुरू होऊन दर १०० मीटरला २ मीटर चढते, म्हणजे एक किलोमीटरवर त्याची उंची पट्टीच्या टोकाच्या पातळीपासून जेमतेम १९ मीटर भरते. त्यात इमारतीवरची पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि जिन्याचे छप्परही धरायचे असते. म्हणजे राहण्याजोगे चार-पाच मजलेच हाती लागतात. पट्ट्याबाहेर, पण चार किलोमीटरच्या परिघात, विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर ही मर्यादा असते. परवानगी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवर मिळते, जमिनीपासूनच्या नव्हे, त्यामुळे असल्फ्यासारख्या टेकडीच्या उतारावरच्या इमारतीला सपाटीवरच्या शेजाऱ्यापेक्षा मजले कमी मिळतात. विलेपार्ले पूर्व, सांताक्रूझ, कुर्ला आणि घाटकोपर पश्चिम येथल्या पन्नास-साठ वर्षांच्या इमारतींचे गणित येथे अडते. मुंबईत पुनर्विकास जादा मजल्यांच्या विक्रीतून होतो. जुन्या रहिवाशांची घरे बांधून देऊन वर विकायला मजले उरत नसतील, तर विकासक येत नाही आणि गळक्या स्लॅबखाली माणसे वर्षानुवर्षे राहतात. कागदावर मिळालेले चटईक्षेत्र जागेवर वापरता येत नाही, ही विमानतळाने उपनगरावर टाकलेली खरीखुरी किंमत आहे, आणि ती विमानाच्या तिकिटात कोठेही दिसत नाही. ज्याने व्यवहार केला नाही त्याच्यावर पडणाऱ्या अशा भाराला बाह्य परिणाम म्हणतात.

दुसरा बाह्य परिणाम आवाजाचा. तो मोजण्याची रूढ रीत घराच्या किमतीतून जाते : क्षेत्रफळ, मजला, स्थानकापासूनचे अंतर अशा प्रत्येक गुणाचा किमतीतला वाटा वेगळा काढून, शेवटी शांततेसाठी गिऱ्हाईक किती जादा मोजते ते पाहायचे. जॉन नेल्सन यांनी २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून दाखवले की अमेरिकेत आवाज एका डेसिबलने वाढला की घराची किंमत साधारण ०.५ ते ०.६ टक्क्यांनी उतरते. ही पद्धत उचलून घाटकोपरला लावता येणार नाही, याची कारणे मुंबईच्या अभ्यासकाने नीट ओळखली पाहिजेत. ज्या असल्फा, जागृती नगर, साकीनाका पट्ट्यावर विमाने खाली येतात, त्याच पट्ट्यातून जून २०१४ पासून वर्सोवा–घाटकोपर मेट्रो धावते. म्हणजे आवाजामुळे उतरणारी किंमत मेट्रोमुळे चढणाऱ्या किमतीत बेमालूम मिसळते. नोंदणी खात्याच्या सूची क्रमांक दोनमध्ये लिहिलेली रक्कम आणि प्रत्यक्ष हातावर पडलेली रक्कम यांत विशेषतः जुन्या व्यवहारांत तफावत असते. पागडीच्या घरांना तर बाजारभावच नसतो. म्हणून बोरिवली किंवा मुलुंड यांसारखी विमानमार्गाबाहेरची उपनगरे तुलनेला घेऊन, मेट्रो येण्यापूर्वीचे आणि नंतरचे व्यवहार वेगळे करून, इमारतनिहाय काम करावे लागेल. ते कष्टाचे आहे, पण करण्याजोगे आहे.

घरांच्या किमतीवरून आवाज मोजण्याच्या या पद्धतीत एक नैतिक दोषही आहे आणि तो तांत्रिक चर्चेत झाकला जाऊ नये. विमानतळाच्या मालकीच्या सुमारे ३०० एकर जमिनीवर जरीमरी, संदेश नगर, क्रांती नगर अशा वस्त्या उभ्या आहेत. २००७ मध्ये त्यांच्या पुनर्वसनाचे काम खासगी विकासकाकडे सोपवले गेले, पण ते तडीस गेले नाही. धावपट्टीला सर्वांत जवळची झोप या वस्त्यांतल्या माणसांची मोडते, पण त्यांच्या घरांचा नोंदणीकृत व्यवहार नसल्याने किमतीवर आधारलेल्या हिशेबात त्यांच्या वाट्याला शून्य येते. लंडनच्या तिसऱ्या विमानतळाची जागा ठरवण्यासाठी १९६८ मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने एका प्राचीन नॉर्मन चर्चची किंमत त्याच्या आगविम्याच्या रकमेवरून काढली होती आणि त्यावर इंग्लंडमध्ये टीकेचे काहूर उठले. संशोधनाच्या मापात जे बसत नाही ते स्वस्त ठरते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. जरीमरीच्या बाबतीत हा धोका कितीतरी अधिक आहे. तेथे किमतीऐवजी झोपेचे तास, मुलांच्या अभ्यासात पडणारा खंड, ऐकण्याच्या तक्रारी यांची प्रत्यक्ष घरोघरी पाहणी करावी लागेल, आणि २८ जून २०१८ रोजी घाटकोपरच्या भर वस्तीत लहान विमान कोसळून एका पादचाऱ्यासह पाच जणांचा जीव गेला, तसल्या जोखमीलाही हिशेबात जागा द्यावी लागेल.

अशा पाहणीची परंपरा मराठी प्रदेशाला नवी नाही. धनंजयराव गाडगीळ आणि गोगटे यांनी १९३० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या सहा जिल्ह्यांतील मोटारबस वाहतुकीची पाहणी केली, तेव्हा पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेला स्थापन होऊन थोडीच वर्षे झाली होती. बसचालकाचे उत्पन्न, भाड्यांतली चढाओढ, रस्त्यांची अवस्था हे सारे जागेवर जाऊन टिपण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आज मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग कालिन्यात, धावपट्टीच्या दक्षिणेला हाकेच्या अंतरावर आहे. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगावात आहे. पवईची आयआयटी आणि देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था याच विमानमार्गांच्या आजूबाजूला आहेत. असे असताना प्रवाशांच्या समाधानाची वीस प्रश्नांची प्रश्नावली वाटून प्रबंध पुरा करण्याचा सोपा मार्ग विद्यार्थ्यांना सुचवला जात असेल, तर मार्गदर्शकांनी थांबून विचार करावा. माहितीच्या बाबतीत एक रास्त तक्रारही आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय दर महिन्याला मार्गनिहाय प्रवासी आणि कंपन्यांचे वाटे प्रसिद्ध करते, पण प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या तिकिटांच्या दरांची माहिती संशोधकांसाठी खुली नाही. अमेरिकेत सरकार दर तिमाहीला एकूण तिकिटांच्या १० टक्क्यांचा नमुना दरासह खुला करते आणि गेल्या चार दशकांतले त्या देशातले बहुतेक महत्त्वाचे संशोधन त्यावरच उभे आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाल्यावर भाड्यांवर कमाल मर्यादा घातली, त्याआधी २०२० ते २०२२ या काळातही भाड्यांचे पट्टे ठरवून दिले होते. असे नियंत्रण किती उपयोगी पडले हे तपासण्यासाठी लागणारे आकडेच खुले नसतील, तर पुढचे नियंत्रणही अंदाजानेच होणार. भारतातही असा नमुना खुला व्हावा ही मागणी मुंबईच्या विद्यापीठांनी एकत्रितपणे करायला हवी.

नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी होऊन २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी उड्डाणे सुरू झाली, आणि या विषयाला नवे परिमाण मिळाले. पहिल्या टप्प्यात त्याची क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे, आणि सहारचा जुना व उलव्याचा हा नवा अशा दोन्ही विमानतळांचे चालकत्व एकाच समूहाकडे आहे. लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅनस्टेड एका कंपनीकडे होते, तेव्हा ब्रिटनच्या स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये शेवटचे दोन विकण्याचा आदेश दिला, कारण शेजारच्या विमानतळांची स्पर्धा प्रवाशांच्या हिताची असते असा निष्कर्ष त्याने काढला होता. मुंबईत तोच निष्कर्ष लागू पडेल का, हे प्रवासी एका विमानतळाऐवजी दुसरा किती सहज निवडतात यावर अवलंबून आहे. बोरिवलीचा प्रवासी पश्चिम द्रुतगती महामार्गाने सहारला येतो, त्याला उलवे परगावासारखे आहे; मुलुंडचा प्रवासी ऐरोलीच्या पुलावरून खाडी ओलांडू शकतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल रद्द झाल्याने त्याचा तो खर्चही उतरला आहे. तिकीट, टॅक्सी आणि रस्त्यावर जाणारा वेळ यांची पैशांत बेरीज करून एकेका पर्यायाची निवड होण्याची शक्यता काढण्याची पद्धत डॅनियल मॅकफॅडन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या रेल्वेसाठी वापरली, आणि अशा कामाबद्दल त्यांना २००० सालचे नोबेल मिळाले. तीच पद्धत घेऊन या पहिल्या एक-दोन वर्षांतच, प्रवाशांच्या सवयी पक्क्या होण्याआधी, बोरिवली, अंधेरी, घाटकोपर आणि मुलुंड या चार ठिकाणी पाहणी सुरू करता येईल. तिला फार खर्च नाही, कारण विचारायचे ते एवढेच की प्रवासी घरून किती वाजता निघाला, विमानतळापर्यंत त्याने किती पैसे मोजले आणि दुसऱ्या विमानतळावरून तिकीट किती रुपयांनी स्वस्त असते तर तो तिकडे गेला असता.